लिंबानं धुतलेला क्रिस

बाबा कलिंगड घेताना ते कानाशी धरून वाजवायचे, उलटं करून जमिनीला टेकलेला पिवळा डाग बघायचे, देठ नखानं खरवडायचे, आणि एवढं करूनही घरी येईपर्यंत आपण फसलो अशीच मुद्रा करून बसायचे. दुधाच्या बाटलीवरची तारीख अंगठ्यानं घासून बघायची त्यांना सवय होती. पुसली गेली तर खोटी, नाही पुसली तर चांगल्या शाईची खोटी. संशय हा त्यांचा मूळ स्वभाव होता की नोकरीनं लावलेली सवय, हे मला कधी नीट वेगळं करता आलं नाही. शारजाच्या औद्योगिक क्षेत्रात, तेलाच्या टाक्या बनवणाऱ्या एका कारखान्यात ते पोलाद तपासायचे. येणाऱ्या प्रत्येक पत्र्याबरोबर त्याच्या गुणवत्तेचा दाखला येई, आणि तो दाखला खोटा आहे असं धरून कामाला लागायचं, याचाच त्यांना पगार मिळत असे. आई म्हणायची, लग्नाच्या आधी बघायला आले तेव्हासुद्धा यांनी माझ्या हातच्या पोह्यांपेक्षा माझ्या मामाकडेच जास्त बारकाईनं बघितलं.

अल नहदाच्या आमच्या फ्लॅटमध्ये हॉलच्या भिंतीवर, जिथे इतरांकडे गणपती किंवा कुटुंबाचा फोटो असतो तिथे, तीन क्रिस टांगलेले होते. क्रिस म्हणजे मलाया आणि जावाकडची नागमोडी पात्याची कट्यार. आखातात येण्याआधी बाबा मलेशियात, जोहोरच्या एका गोदीत होते, तिथे त्यांनी पहिला क्रिस घेतला, राजघराण्यातला म्हणून. घरी आणून पुसला तर फडक्याला बुटाचं पॉलिश लागलं. दुसरा कुणी असता तर त्यानं तो कपाटाच्या तळाशी लपवला असता. बाबांनी तो मधोमध लावला, त्याला ‘मास्तर’ असं नाव दिलं आणि त्या दिवसापासून क्रिसचा अभ्यास सुरू केला. दोन बाजूंचे दोन अस्सल क्रिस त्यांनी पुढे बऱ्याच वर्षांनी घेतले. शुक्रवारी दुपारी जेवणं झाली, वरून जाणाऱ्या विमानांच्या आवाजानं ताटं जराशी थरथरली आणि एसीच्या घरघरीत आईचा डोळा लागला, की कुणी ना कुणी वर्तमानपत्रात गुंडाळलेली कट्यार घेऊन बेल वाजवायचं. कुणी ती शारजाच्या जुन्या वस्तूंच्या दुकानातून आणलेली असायची, कुणाला इंडोनेशियाच्या मित्रानं दिलेली. बाबा पैसे घेत नसत. फसवलेला माणूस समोर बसलेला बघणं, हेच त्यांना पुरेसं असावं.

ते सगळ्यात आधी मूठ आणि म्यान नॅपकिनखाली झाकून टाकत. हे कपडे आहेत, म्हणत. एका बेटावरचं पातं, दुसऱ्या बेटावरची मूठ, तिसरीकडचं म्यान, हे नेहमीचंच. प्रत्येक मालक आपल्या हौसेनं नवे कपडे शिवतो, आणि विकणारा कपडे तेच ठेवून आतलं पातं बदलतो. ही बदलाबदल हा त्यांचा आवडता विषय होता आणि ती कशी करतात हे ते येणाऱ्या प्रत्येकाला इतकं रंगवून सांगत की आईला वाटे, एखादा हे शिकून जाऊन दुकानच टाकेल. मग ते पात्याच्या मुळाशी बघत. अस्सल क्रिसमध्ये तिथला आडवा तुकडा वेगळा घडवून बसवलेला असतो, खोट्यात नुसती रेघ ओरखडलेली असते. मग पात्यावरची नक्षी. दोन जातींचं लोखंड थरावर थर ठोकून ती उमटते आणि पात्याच्या पोटातून जाते. खोट्यात ती अ‍ॅसिडनं वरवर जाळलेली असते. इथे माझं काम सुरू होई. मी तेव्हा बारावीत होते. बाबा म्हणत, डोळे मीट, आता बोटांनी बघ. जुन्या पात्यात मऊ लोखंड झिजून खाली गेलेलं असतं आणि चिवट लोखंडाची शीर किंचित वर राहते. मी ती शीर बोटानं शोधत जायची आणि ती कुठे तुटते ते सांगायची. अजूनही भाजीवाल्याकडे वांगी घेताना माझे डोळे आपोआप मिटतात आणि तो मला विचारतो, ताई, बरं वाटत नाही का.

मंदी आली ती अशा घरात आली. आधी ती बातम्यांत होती, मग इमारतीत शिरली. समोरच्या फ्लॅटमधलं कुटुंब भाच्याच्या लग्नाला म्हणून गेलं आणि त्यांची चपलांची मांडणी दाराबाहेर तशीच राहिली. काही दिवसांनी आईनं तिच्यावरची धूळ बोटानं बघितली आणि आत आली. विमानतळावर लोक गाड्या सोडून पळतायत असं जो तो सांगे, पण स्वतःबद्दल कुणी काही सांगत नसे. लिफ्टमध्ये भेटलेल्याला ‘आज लवकर?’ एवढं विचारणंही अवघड झालं होतं. माझ्या वर्गातली बाकं एकेक करून रिकामी होत गेली. संध्याकाळी बाबांची गाडी आली की आई बाल्कनीतून त्यांच्या गळ्याकडे बघायची. कारखान्याचं ओळखपत्र अजून लटकतंय ना, हे तिला बघायचं असे. ते आत येऊन ‘काय बघतेस’ म्हणत, ती म्हणे ‘कुठे काय’, आणि दोघांनाही दुसरा खोटं बोलतोय हे ठाऊक असे. मला त्या वर्षात घरातल्या शांततेचीच जास्त भीती वाटायची.

मुकादमकाका आमच्याकडे पूर्वीपासून यायचे. बाणकोटच्या बाजूचे, वय पन्नाशीचं, फुजैराला जहाजांना तेल पुरवणाऱ्या बोटीवर तांडेल. बायको-मुलं गावाला. एकदा कारखान्याच्या कामासाठी बाबा तिकडे गेले होते तेव्हा ओळख झाली, आणि मग महिन्या-दोन महिन्यांनी ते डोंगर ओलांडून आमच्याकडे येऊ लागले, बर्फाच्या पेटीत सुरमई घेऊन. आम्ही सीकेपी असल्यामुळे आईची आणि त्यांची मैत्री माशांवरून जुळली. त्या उन्हाळ्याच्या अखेरीला ते आले तेव्हा माशांबरोबर एक लांबट पुडकंही होतं. त्यांच्या नानीचा क्रिस. त्यांचा नाना बोटीवर खलाशांवरचा सारंग होता, त्यानं ही नानी जावाहून लग्न करून आणली आणि तिच्या बापानं जावयाला हा क्रिस दिला, अशी घरातली गोष्ट होती. गावातली गोष्ट वेगळी होती. गावात म्हणत, कुठल्याशा बंदरातली बाई उचलून आणली आणि तिनं त्याला विष घालून मारलं. नाना अचानक वारला तेव्हापासून नानीची चूल मागच्या पडवीत वेगळी मांडली गेली. तिच्या पोटची मुलगी, म्हणजे काकांची अम्मी, तीसुद्धा त्या चुलीवरचं कधी जेवली नाही. काका हे सगळं सुपारी कातरत सांगत होते, जसं काही दुसऱ्या कुणाच्या घरातलं. मग म्हणाले, “साहेब, बोटी बंद पडत चालल्यात. आज ना उद्या मला घरी जायचंय. तुम्ही एवढं बघून द्या, हा खरा आहे का. खरा असला तर ती चांगल्या घरची होती असं तरी सांगता येईल.”

बाबांनी नॅपकिन टाकायच्या आधीच नाक मुरडलं. मूठ म्हशीच्या शिंगाची, म्यान सरळ सरळ कोकणातल्या सुतारानं केलेलं, त्यावर आपल्याकडच्या पाळण्यावर असतात तशी फुलं. पातं मात्र काळंभोर होतं आणि त्या काळ्यावर करड्या रेघांची नक्षी, ओल्या वाळूवरून पाणी ओसरल्यावर उरते तशी. मी डोळे मिटून बघितलं. शीर होती, टोकाजवळच्या वळणावर तुटून पुन्हा सुरू होत होती. मी तसं सांगितलं, काकांचा चेहरा उजळला, आणि बाबा म्हणाले, एवढ्यानं काही ठरत नाही, ठेवून जा, निवांत बघतो. रात्री जेवताना ते आईला म्हणाले, पातं बरं दिसतंय, पण गोष्ट फार गोड आहे. आणि विषाचं म्हणशील तर कोण जाणे, घातलंही असेल. आईनं त्यांच्या पानात आमटी जरा जोरातच वाढली.

त्या वर्षीच्या नवरात्रात आईनं देवाला अक्षरशः वेठीला धरलं होतं. खंडेनवमीला आमच्याकडे शस्त्रं आणि हत्यारं पुजायची पद्धत, पण शारजाच्या फ्लॅटमध्ये शस्त्रं म्हणजे विळी, सुऱ्या, बाबांचं मोजमापाचं सामान, गाडीची किल्ली आणि माझी कंपासपेटी. त्या वर्षी तिनं बाबांचं हेल्मेटसुद्धा पाटावर मांडलं. ज्यावर नोकरी अवलंबून आहे ते काही सुटायला नको होतं. बर दुबईहून झेंडू आणला, भोपळ्याचे घारगे तळले, आणि पितळेची भांडी चिंचेनं लख्ख केल्यावर तिची नजर मुकादमकाकांच्या क्रिसवर गेली. भिंतीवरच्या तिघांना हात लावायची तिला बंदी होती. या चौथ्याबद्दल कुणी काही बोललं नव्हतं. दुसऱ्याच्या घरची वस्तू देवापुढे अशी कळकट कशी ठेवायची, म्हणून तिनं पातं लिंबाच्या रसात भिजवलं, चिंच लावून काथ्यानं घासलं, धुऊन, पुसून खोबरेल तेलाचा हात दिला. मी क्लासहून आले तेव्हा पाटावर हळदकुंकू लावलेलं एक पांढरंशुभ्र पातं चमकत होतं. नक्षीचा मागमूस नव्हता. आई अभिमानानं म्हणाली, “बघ, किती मळ होता त्यावर.”

बाबा आले, बूट काढता काढता त्यांनी पाटाकडे बघितलं आणि एक बूट पायात तसाच ठेवून आत गेले. मला वाटलं आता आकाश कोसळणार. त्यांनी आईची दोन्ही मनगटं धरली आणि तिला बेसिनपाशी नेलं.

“हात धुतलेस? कितीदा? तोंडाला लावलेस का? घारगे आधी केलेस की नंतर?”

घारगे आधी केले होते. तरी त्यांनी तिला पुन्हा पुन्हा साबण लावायला लावला, नखं ब्रशनं घासायला लावली. तो काथ्या, चिंचेची वाटी, फडकं, सगळं पिशवीत बांधून खाली नेऊन टाकलं. मग खुर्चीत बसून सांगितलं की पात्यावरचा काळा रंग मळ नव्हता. लिंबाच्या रसात सोमल, म्हणजे आर्सेनिकचं विष, कालवून तो पात्यावर चढवतात, तेव्हा एक लोखंड काळं पडतं आणि दुसरं उजळ राहतं, त्यातून नक्षी दिसते. आईनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “म्हणजे विष लावलेली वस्तू तुम्ही माझ्या घरात, माझ्या पोरीच्या हातात दिलीत?”  वाळलेला सोमल बोटांना काही करत नाही, असं काहीतरी बाबा पुटपुटले.

त्याच संध्याकाळी मुकादमकाकांचा फोन आला. व्हिसा कॅन्सल झाला होता, शुक्रवारी क्रिस घेऊन ते त्याच रात्रीच्या विमानानं जाणार होते. मधल्या दिवसांत बाबा घरात येरझाऱ्या घालत राहिले. सोमल मिळणं शक्य नव्हतं. कारखान्याच्या प्रयोगशाळेत पोलादावर चोळायचं पातळ अ‍ॅसिड होतं, त्यानं नक्षी पुन्हा उठली असती. पण ती खोट्या क्रिसवर उठवतात तशीच दिसली असती, आणि मग ते पातं अस्सल आहे असं जगात कुणीच म्हणालं नसतं, बाबा तर नाहीच. शेवटी त्यांनी ठरवलं, जे झालं ते सांगायचं. मला आठवतं, ते ठरवल्यावर त्यांनी मास्तरकडे बराच वेळ बघितलं होतं.

काका आले. या वेळी मासे नव्हते. पूजेसाठी घासताना पात्याचा काळा रंग गेला, एवढं बाबांनी आधी सांगून मग क्रिस पुढे केला. काकांनी तो म्यानातून काढला, खिडकीपाशी नेला, फिरवून बघितला आणि परत आणून टीपॉयवर ठेवला. मूठ त्यांची होती, म्यान त्यांचं होतं. आणि कपडे तेच ठेवून पातं बदलण्याचा प्रकार त्यांनी याच सोफ्यावर बसून, चहा पिता पिता, बाबांच्याच तोंडून ऐकला होता.

“साहेब,” ते म्हणाले, “हा माझाच आहे ना?”

बाबा घाईघाईनं दाखवायला लागले. हे मूळ बघ, हा तुकडा वेगळा बसवलाय, म्यानाच्या तोंडात बघ कसा चपखल बसतो. बोलता बोलता ते थांबले. यातली प्रत्येक खूण कशी नकली करतात हेही त्यांनीच काकांना शिकवलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा ते टेबलाच्या त्या बाजूला बसले होते आणि त्यांच्या सगळ्या विद्येनं त्यांना जास्तच संशयास्पद केलं होतं. मी पातं घेतलं, डोळे मिटले, शीर सापडली, टोकाजवळच्या वळणावर तुटली. “काका, इट्स द सेम वन. आय स्वेअर,” मी म्हणाले. ते माझ्याकडे बघून हसले. पण मुलगी बापाच्या बाजूनंच बोलणार, हे त्या हसण्यात मला स्पष्ट दिसलं, आणि मला इतका अपमान वाटला की मी आत निघून जाणार होते. त्यांची नजर भिंतीवरच्या दोन काळ्या पात्यांवरून फिरून आली. ती नजर मी अजून विसरलेले नाही.

तेवढ्यात आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. ती सगळं ऐकत होती. “भाऊ,” ती म्हणाली, “ह्यांना काय विचारता, मला विचारा. नवमी होती म्हणून मी धुतला. लिंबात भिजवला आणि चिंचेनं घासला. चुकलं माझं. पण बदललाबिदलला नाही हो कुणी.”

काका उठायच्या बेतात होते ते बसले. “लिंबात?” त्यांनी विचारलं.

मग ते पात्याकडे पुन्हा बघायला लागले, पण वेगळ्या तऱ्हेनं, वास आल्यावर माणूस थबकतो तसं. म्हणाले, असा पांढरा मी एकदा पाहिलाय. खूप लहान होतो. नानीनं पडवीचं दार लावून घेतलं होतं आणि मी फटीतून बघत होतो. केळीच्या पानावर हा असाच ठेवलेला, बाजूला पिळलेल्या लिंबांच्या साली. तिनं मला बघितलं आणि झटकन त्यावर पदर टाकला. म्हणाली, बघू नको, तो उघडा आहे अजून. मग पुडीतलं काहीतरी रसात कालवून त्याला चोळत बसली.

“काय होतं पुडीत?” बाबांनी विचारलं. त्यांचा आवाज बदलला होता.

काका जरा घुटमळले. मग म्हणाले, “तेच तर, साहेब. सोमल. नाना वारला तेव्हा वैद्यानंच गावभर केलं, ही बाई दरवर्षी माझ्याकडून सोमल न्यायची. तिथूनच सगळं सुरू झालं.”

“दरवर्षी. कधी? कुठल्या महिन्यात?”

“मोहरममध्ये. धुवायची पण तेव्हाच. का विचारता?”

बाबांनी एका वाक्यात निकाल दिलेला मी तोवर ऐकला नव्हता. त्यांच्या प्रत्येक निकालाला ‘पण’ असे, ‘बहुधा’ असे, पळून जायला एक मागचं दार असे. ते पुढे सरकले आणि त्यांनी काकांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

“मुकादम, जावात त्याच महिन्यात क्रिस लिंबानं धुतात आणि सोमलानं काळा करतात. वर्षातून एकदा. ज्यांच्या घरी क्रिस आहे ते सगळे करतात. तुझ्या नानीनं कुणाला विष घातलं नाही. ती बापाचा क्रिस धूत होती.”

 काकांनी खिशातून रुमाल काढला आणि पात्यावर पसरला. आईनं तोंडाला पदर लावला आणि आत जाऊन गॅस बंद करून आली. पात्याबद्दल म्हणाल तर ते किती जुनं, कुठल्या लोहाराच्या हातचं, याचा निकाल बाबांनी शेवटपर्यंत दिला नाही, आणि काकांनीही तो पुन्हा विचारला नाही. बाबा आता नाहीत. तिन्ही क्रिस माझ्याकडे आहेत, मास्तर अजूनही मधोमध. बाबा आयुष्यभर म्हणत आले की माणसांच्या गोष्टी बाजूला ठेवा आणि धातूला विचारा. एकदाच त्यांनी उलटं केलं, आणि त्या एकदाच्याच निकालावर माझा आजही पूर्ण विश्वास आहे.

त्या शुक्रवारी बाबा म्हणाले, मी गावाला येतो, सगळ्यांसमोर सांगतो. काका म्हणाले, सांगायचं कुणाला, बोलणारे सगळे केव्हाच कबरीत गेले. एक अम्मी आहे तेवढी. मग तिला सांग, बाबा म्हणाले, आत्ता सांग. काकांनी फोन लावला. अम्मींना कमी ऐकू येई, म्हणून त्यांनी तो स्पीकरवर टाकून टीपॉयवर, रुमालाशेजारी ठेवला आणि मोठ्यानं, एकेक वाक्य थांबत सांगितलं. लिंबाचं सांगितलं, मोहरमचं सांगितलं, सोमलाचं सांगितलं. पलीकडे कोंबड्यांचा आवाज येत होता, कुणीतरी बादली ठेवल्याचा. अम्मींनी एवढंच विचारलं, “सगळेच करतात तिकडे?” काका म्हणाले, सगळेच. मग लाइन तुटली का म्हणून काकांनी फोनवर वाकून बघितलं.

अम्मी म्हणाल्या, “ती रोज माझं ताट वाढून ठेवायची रे.”

काकांनी फोन उचलून कानाला लावला आणि ते बाल्कनीत गेले.